अर्धा तास

फोन आला तेव्हा अ‍ॅन्सिल रंग मिसळत होता. हार्डवेअरच्या दुकानात, मागच्या काउंटरवर. डबा यंत्रात घट्ट बसवलेला होता, यंत्र हादरत होतं आणि समोर एक बाई पर्स छातीशी धरून उभी होती. गुरुवार, सकाळचे साडेदहा. रविवारपासून त्याची बायको ओदील बेपत्ता होती आणि तरी तो कामावर आला होता, कारण घरात बसलं की फोनकडेच बघत बसावं लागे. पलीकडचा पोलीस म्हणाला, "बाई सापडल्या." सापडल्या म्हटलं की माणूस आधी जिवंतच धरतो. अ‍ॅन्सिलने तसंच धरलं. दोन-तीन सेकंद असतील. तेवढ्यात त्याने तिला कुठल्या तरी कोळ्याच्या घरी, घोंगडी पांघरून चहा पिताना पाहिलंसुद्धा. तो हसला असावा, कारण समोरची बाईही हसली. मग पोलीस म्हणाला, "ओळख पटवायला यावं लागेल." यंत्राला अजून मिनिटभर होतं. अ‍ॅन्सिल तिथेच उभा राहिला. यंत्र थांबल्यावर त्याने डबा काढला, झाकण उघडलं, बोटाने झाकणावर ठिपका लावून बाईला दाखवला. बाई म्हणाली, जरा फिकट वाटतोय. तो म्हणाला, वाळल्यावर गडद होतो. मग झाकण हातोडीने चारी बाजूंनी ठोकून बसवलं, हात पुसले आणि मालकाला सांगून तो निघाला. बस मिळेपर्यंत त्याला रडू आलं नाही. बसमध्येही नाही. बोटाला राहिलेला रंग तो नखाने खरवडत राहिला.

ओळख पटवायला काही कठीण गेलं नाही. एकतीस वर्षं बघितलेले पाय होते. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलत होते. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलंय, म्हणाले. आणि मग त्यांनी त्याला एक पिशवी दिली. तिच्यात ओदीलचा डोक्याला बांधायचा रुमाल होता, नारिंगी, पांढऱ्या ठिपक्यांचा. डॉक्टर म्हणाले, हा तिच्या नडगीवर बांधलेला होता. दोन गाठी मारून, घट्ट. कापून काढावा लागला. अ‍ॅन्सिलला कळेना, ते हे का सांगतायत. "म्हणजे तिनंच बांधला," डॉक्टर म्हणाले. "पडल्यावर. म्हणजे लाटेनं लगेच नाही नेलं तिला. वेळ होता." मग आपण बोललो ते बोलायला नको होतं असं वाटून त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. बाहेर बाकावर मर्ल, ओदीलची धाकटी बहीण, बसली होती. तिने विचारलं, काय म्हणाले? अ‍ॅन्सिल म्हणाला, "बुडाली म्हणाले." पिशवी त्याने शर्टाच्या आत, पोटाशी धरली होती.

वेळ होता. किती होता, हे फक्त अ‍ॅन्सिल सांगू शकत होता. त्या रविवारी ते पाच जण कॅलाबासच्या किनाऱ्यावर सहलीला गेले होते. अ‍ॅन्सिल, ओदील, मर्ल, मर्लचा नवरा लेनॉक्स आणि लेनॉक्सच्या गॅरेजमधला एक जण. कॅलाबासला रस्ता जात नाही. ब्लांशिसूझ गावात गाडी ठेवून रानातून दोन तास चालायचं, नाहीतर होडी करायची. म्हणून तिथे कोणी नसतं. नदी समुद्राला मिळते तिथे बदामाची तीन झाडं आहेत आणि तिथून पश्चिमेला नुसती वाळू, शेवटी काळे खडक. पेलाऊचं पातेलं ओदीलने आदल्या दिवशीच शिजवलं होतं. साखर जाळून त्यात परतलेली कोंबडी, तुरीचे दाणे, भात. बारा वाजता जेवण झालं. मर्ल झाडाखाली आडवी झाली. बाकीच्यांनी पत्ते काढले. ओदीलला पत्त्यांचा कंटाळा. तिने चपला हातात घेतल्या आणि म्हणाली, "पाय मोकळे करून येते. आत्ता येते." एवढंच. त्याने पत्त्यांतून मान वर केली नाही. या बेटावर आत्ता येते म्हटलं की कोणी मान वर करत नाही. नळ दुरुस्त करणारा आत्ता येतो म्हणतो आणि पुढच्या गुरुवारी येतो. पाद्री आत्ता येतो म्हणतात आणि लोक घरी जाऊन जेवून येतात. ओदील तर त्यातही नावाजलेली. एकदा कोपऱ्यावर पाव आणायला आत्ता येते म्हणून गेली ती संध्याकाळी आली. शेजारणीला कळा सुरू झाल्या होत्या, मुलगी झाल्यावरच ही परतली, आणि पाव विसरली. त्यावरून तो तिला वीस वर्षं चिडवत होता. तिचं आत्ता म्हणजे बाळंतपण, तो म्हणायचा. त्यामुळे एक वाजला तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही. दीडला अ‍ॅन्सिलने लेनॉक्सचा हुकमाचा गुलाम पकडला आणि उठून नाचला. गुलाम पकडणं हे या खेळात सगळ्यात मोठं, त्यावर माणसं आठवडाभर बोलतात. लेनॉक्स म्हणाला, "नाच बाबा, नाच. घरी कोण नाचू देतंय तुला." सगळे हसले. दोनला अजून एक डाव. तीनच्या सुमारास मर्ल उठून बसली आणि म्हणाली, "ओदील कुठाय?" तेव्हाही तोच म्हणाला, "येईल आत्ता." तो डाव त्याने पुरा केला. सव्वातीनला ते उठले, आणि तोपर्यंत भरती खडकांवर चढली होती.

अर्धा तास हा शब्द पहिल्यांदा कोणी काढला, हेही त्याला आठवतं. त्या रविवारी संध्याकाळी चौकीत अंमलदाराने विचारलं, बाई गेल्यावर किती वेळाने शोधायला निघालात? अ‍ॅन्सिलने तोंड उघडलं आणि शेजारून मर्ल म्हणाली, "अर्धा तास." अंमलदाराने लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, जाताना काही बोलल्या? आत्ता येते म्हणाली, अ‍ॅन्सिल म्हणाला. अंमलदार मान हलवून जवळजवळ हसला. "आत्ता म्हणाल्या? मग तुम्ही अर्ध्या तासात उठलात हेच खूप. माझी बायको म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी उठलो असतो." बाहेर आल्यावर मर्लने त्याचा दंड धरला. "मम्मीसाठी म्हटलं मी. तिचं हृदय कमजोर आहे, तुला माहीत आहे. आणि तसंही, काय फरक पडतो? समुद्रानं नेलं म्हणजे नेलं." तेव्हा अजून ओदील सापडली नव्हती. तेव्हा काय फरक पडतो असं त्यालाही वाटलं. फरक काय पडतो ते गुरुवारी त्या पिशवीत होतं, आणि पिशवी कोणी पाहिली नव्हती.

वर्षभर तो सगळ्यांना अर्धा तास असंच सांगत राहिला. दफनाला आलेल्यांना, दुकानातल्यांना, पाद्रींना. सांगून सांगून तो शब्द गुळगुळीत झाला. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, अर्ध्या तासात माणूस काय करणार. घरी मात्र तो बसल्या बसल्या मोजत असे. बारा ते सव्वातीन. वाळूतून रमतगमत तिला खडकांपर्यंत जायला तास लागला असेल. एक वाजता पडली असेल. पडल्यावर रुमाल सोडून बांधला. मग तिने काय केलं? हाका मारल्या असतील. लाटांच्या आवाजात त्या बदामापर्यंत येणं शक्य नव्हतं, हे तिलाही कळलं असेल. मग ती थांबली असेल. तिला वाटलं असेल, येतीलच. ती कधी काय म्हणून निघाली, हे तिला कुठे आठवत असणार. माणूस आपण आत्ता म्हणालो हे लक्षात ठेवतो थोडंच. तिला फक्त एवढंच माहीत की नवरा तिथे आहे. दीड वाजता तो नाचत होता तेव्हा ती त्या दिशेला बघत असेल. हा विचार आला की अ‍ॅन्सिल उठून भांडी घासायचा, घासलेली असली तरी.

वर्षाची मिस्सा, म्हणजे तिच्यासाठी चर्चमधली प्रार्थना, झाली त्या रविवारी ओदीलची आई, मा एस्टेल, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली, "मला ती जागा बघायचीय." तिला चौऱ्याहत्तर वर्षं झालेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आरिमा गावाबाहेर ती दहा वर्षांत पडली नव्हती. मर्ल म्हणाली, "मम्मी, तिथे बघण्यासारखं काही नाही. वाळू आहे." "मग वाळू बघेन." "तुला दिसतं का धड?" "पांढरं दिसतं," म्हातारी म्हणाली. "वाळू पांढरी असेल ना?" लेनॉक्सने येणार नाही म्हणून सांगितलं. गॅरेजात काम आहे, म्हणाला. अ‍ॅन्सिलला तसं काही सांगता आलं नाही. एकाच रस्त्याने दुसऱ्यांदा जाणाऱ्या माणसासारखा तो पुढच्या शनिवारी सकाळी मर्ल आणि म्हातारीबरोबर गाडीत बसला. डोंगरातल्या वळणांवर मा एस्टेल डोळे मिटून बसली होती आणि मांडीवरचं पेलाऊचं पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत होती. तिनेच शिजवलं होतं. तूर जरा करपली होती, तो वास गाडीभर होता.

होडीवाल्याला सगळे बिशप म्हणत. नाव बिशप, पण चर्चात कोणी पाहिलेला नाही. त्याने मा एस्टेलला उचलून होडीत बसवलं आणि म्हणाला, "घट्ट धरा, मा. पडलात तर मला पोहता येत नाही." "चाळीस वर्षं होडी चालवतोस आणि पोहता येत नाही?" "म्हणून तर होडीतून उतरत नाही." "आणि मी पडले तर?" "तर मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. नाव उगाच नाही." म्हातारी हसली. वर्षभरात अ‍ॅन्सिलने तिला हसताना पाहिलं नव्हतं. कॅलाबासला लाटांमधून होडी वाळूवर चढवून बिशपने त्यांना उतरवलं. "घ्यायला कधी येशील?" म्हातारीने विचारलं. "आत्ता येतो." मा एस्टेल वळली. "बिशप, तुझं आत्ता नको मला. घड्याळातलं सांग." बिशपने अ‍ॅन्सिलकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "तीनला, मा," तो म्हणाला. होडी गेली. अ‍ॅन्सिलने पातेलं बदामाखाली नेऊन ठेवलं. जागा तीच होती. जमिनीवर लाल पानं पडली होती. त्याला वाटलं होतं, काही तरी बदललेलं असेल. झाड तरी पडलेलं असेल. काही बदललं नव्हतं. वाळूतले किडे चावत होते, नदीच्या तोंडाशी दोन गिधाडं बसली होती, लाट येत होती आणि जात होती. तो वाईट वाटायची वाट बघत उभा राहिला आणि नुसती तहान लागली.

मा एस्टेलला मर्लने दुमडलेल्या चादरीवर बसवलं. तिने चपला काढून पाय वाळूत पुरले. मग म्हणाली, "इथूनच निघाली?" "इथूनच, मा," अ‍ॅन्सिल म्हणाला. "आणि खडक कुठे?" मर्लने तिचा हात धरून पश्चिमेला वळवला. "तिकडे." "किती लांब?" मर्ल म्हणाली, "आहेत जरा." म्हातारीने डोळे बारीक केले. तिला काही दिसत नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. "मी वर्षभर एकच गोष्ट धरून बसलेय," ती म्हणाली. "अर्ध्या तासात एक बाई चालत गेली, वर चढली, पडली, आणि पाण्यानं नेली. हे सगळं अर्ध्या तासात बसतं का? तुम्ही सांगता, मी ऐकते. पण मला बसत नाही. मी झोपते तर ती मला खडकावर बसलेली दिसते. हाक मारताना. मला विचारते, कोणी येतंय का." मर्लने मान खाली घातली. "मम्मी, उगाच..." "उगाच नाही. अ‍ॅन्सिल, तू तिथपर्यंत चालत जा." तिने पिशवीतून जपमाळ काढली. "माझा एक फेरा वीस मिनिटांचा. पन्नास वर्षं म्हणतेय, एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. तू निघालास की मी सुरू करते. पोहोचलास की हे हलव." तिने पातेल्यावरचा पांढरा टॉवेल ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. "पांढरं मला दिसतं. मला फक्त कळू दे, पोरा. मग मी मरायला मोकळी."

तो निघाला. पहिली शंभर पावलं तो साधा चालला. पाठीमागे म्हातारीचा आवाज एका लयीत सुरू झाला होता, मग लाटांनी तो पुसला. वाळू सैल होती, पाऊल घोट्यापर्यंत आत जात होतं, दर पावलाला थोडं मागे घसरायला होत होतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याला सरळ हिशेब दिसला. असंच चाललं तर पाऊण तास लागणार. पाऊण तास नुसता पोहोचायला. म्हणजे दुसरा फेरा संपेल, तिसरा सुरू होईल, आणि म्हातारीला कळेल. ती काही न बोलता माळ पिशवीत ठेवेल आणि त्याच्याकडे, त्याच्या दिशेने, ते दुधाळ डोळे वळवेल. त्याला सांगावंही लागणार नाही. वर्षभर जे घशात अडकलं होतं ते वाळूच सांगेल. त्याने फक्त चालत राहायचं होतं, बाकी काही नाही. असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि त्याच वेळी त्याचे पाय धावायला लागले. त्याने ठरवलं नव्हतं. ओल्या वाळूकडे, पाण्याच्या कडेला तो सरकला, तिथे जमीन घट्ट होती, आणि एकोणसाठ वर्षांचा माणूस, पोट सुटलेला, हातात टॉवेल घेऊन धावत सुटला. लाट पायावरून गेली, पँट भिजली. छातीत दुखायला लागलं. त्याला आठवलं, त्या दिवशी सव्वातीनला तो असाच धावला होता, याच कडेने, लेनॉक्स मागे ओरडत होता, आणि तेव्हा त्याच्या मनात राग होता. ओदीलचा राग. सापडली की चांगलं बोलणार आहे तिला, दरवेळचं हे हिचं आत्ता. खडकांजवळ येईपर्यंत तो राग होता. तिची एक चपल दिसली तेव्हासुद्धा आधी रागच आला होता, बघा, चपलासुद्धा टाकून दिल्यात. इतका वेळ राग धरून ठेवता येतो माणसाला. मधेच त्याला थांबावं लागलं. गुडघ्यांवर हात टेकून तो उभा राहिला, तोंडात धातूसारखी चव आली. मागे वळून पाहिलं तर बदामाखाली दोन ठिपके होते, एक बसलेला, एक उभा. उभा ठिपका मर्ल होती. मर्लला दिसत असणार. मर्लचे डोळे चांगले आहेत, ती शिंपीण आहे, सुईत दोरा एका फटक्यात ओवते. ती बघत होती आणि म्हातारीला काही सांगत नव्हती. इथून पुढे चाललो तरी चालेल, त्याने स्वतःला सांगितलं. चाल. वीस मिनिटं होऊ देत, चाळीस होऊ देत. तिला कळण्याचा हक्क आहे. ती तिची मुलगी आहे. त्याने चार पावलं चालून पाहिलं. मग त्याला म्हातारीचं वाक्य आठवलं, कोणी येतंय का, आणि तो पुन्हा धावला. आता त्याला थांबणं शक्यच नव्हतं. आपण कशासाठी धावतोय, तिच्यासाठी की स्वतःसाठी, हेही त्याला कळेनासं झालं. एवढं मात्र कळत होतं की त्या दिवशी असं कोणी एक वाजता धावलं असतं, तर बस झालं असतं.

खडकांपाशी पोहोचला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. ओहोटी होती. ज्या खडकापाशी ती चपल सापडली होती तो कोरडा होता, वर चढायला पायऱ्यांसारख्या खाचा होत्या, वर सपाट, एका माणसाला टेकून बसता येईल अशी जागा. तो चढला. बसला नाही. तिथून बदामाची झाडं दिसत होती. हे त्याने वर्षभर मनात आणलं नव्हतं, त्याला वाटलं होतं वळणाआड जात असतील. जात नव्हती. तिन्ही झाडं लहान पण स्वच्छ दिसत होती, खालच्या सावलीत काही हललं तर तेही दिसत होतं. मर्ल एकदा वाकली आणि उठली, ते त्याला दिसलं. म्हणजे नाचणारा माणूस दिसला असता. त्याने टॉवेल डोक्यावर धरला आणि हलवला. तो हलवत राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, एका हातातला दुसऱ्या हातात घेऊन. शेवटी मर्लने दोन्ही हात वर करून त्याला पुरे म्हणून खूण केली.

परत येताना तो चालत आला. पाऊण तास लागला, जास्तच. मा एस्टेलने जपमाळ पिशवीत ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि चेहरा सैल पडला होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. "एक फेरा आणि वर पंधरा मणी," ती म्हणाली. "तेवढ्यात तू पोहोचलास." अ‍ॅन्सिल श्वास सावरत तिच्याजवळ बसला. "तुला धाप लागलीय." "वाळू जड आहे, मा." "हो ना. माझी पोर तरी कुठे हळू चालायची." ती वाकून वाळूतून पाय काढायला लागली, मर्लने मदत केली. "म्हणजे पोहोचायलाच तेवढा वेळ. पोहोचली, चढली, पडली, संपलं. बसून राहिली नाही ती. तिला वाट बघावी लागली नाही." तिने हात पुढे केला, अंदाजाने, आणि अ‍ॅन्सिलचं मनगट तिच्या हाताला लागलं. "तुमच्यावर मी संशय घेतला, पोरा. वर्षभर. मनात. मी वाईट म्हातारी आहे." "नाही, मा." "आहे. मनात म्हणायचे, हा पत्ते खेळत बसला असेल. याला कळलंही नसेल." मर्ल एकदम उठली आणि नदीकडे निघून गेली. भांडी धुवायला, म्हणाली. भांडी सगळी इथेच होती.

अ‍ॅन्सिल म्हणाला, "मा." म्हातारीने मान वर केली. तिचे डोळे त्याच्या कानाजवळ कुठे तरी लागले होते. "काय?" त्याच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. लहान होतं. "काही नाही," तो म्हणाला. "जेवून घ्या." "हो, वाढ. मला भूक लागलीय." तिने हे म्हटलं आणि स्वतःच चकित झाल्यासारखी थांबली. "बघ, मला भूक लागलीय." त्याने तिला ताट वाढलं. ती करपलेला भागसुद्धा खरवडून मागून घेत जेवली, बोटं चाटत, कोंबडीचं हाड फोडून. अजून वाढ, म्हणाली. त्याने वाढलं. मग ती चादरीवर आडवी झाली आणि थोड्या वेळात तोंड उघडं ठेवून घोरायला लागली. मर्ल नदीवरून परत आली. ती अ‍ॅन्सिलच्या शेजारी बसली आणि हळू म्हणाली, "बरं झालं धावलास." त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला रुमालाचं माहीत नव्हतं. ती खरंच बरं झालं असं म्हणत होती. "हो," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून दिला, आणि तो हात त्याला वजनासारखा लागत राहिला.

बिशप तीनला आला. मा एस्टेल परतीच्या वाटेवर सगळा वेळ बोलत होती. आता ओदीलच्या कबरीवर दगड बसवून घेऊ, म्हणाली, काय लिहायचं ते तूच ठरव, अ‍ॅन्सिल. त्याने बरं म्हटलं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दगड बसला. म्हातारी अजून आहे, दर रविवारी त्याला जेवायला बोलावते, आणि तिला झोप लागते. ओदील त्या खडकावर पाय बांधून त्यांची वाट बघत बसली होती, हे तिच्या आईला सांगायचं राहिलं आहे.